मोजलं, पण दिलं काय?

खाजगी क्षेत्रात इतक्या लाख नोकऱ्या वाढल्या, अशी बातमी येते आणि आमच्याकडचे पुरुष ती दुकानाच्या गादीवर बसून मोठ्यानं वाचतात. मी विचारते, मोजलं कुणाला?

भविष्य निर्वाह निधीचे आकडे २०१८ पासून दरमहा जाहीर होतात. नवे आले, जुने परत आले, त्यातून सोडून गेलेले वजा केले, उरली ती वाढ. पण हा कायदा सर्वसाधारणपणे २० किंवा जास्त माणसं असतील तिथंच लागू. १९ जणांच्या कारखान्यात विसावा आला, की सगळेच नवे म्हणून यादीत चढू शकतात. ते १९ तर आधीपासून राबतच होते की!

बायकांच्या आकड्याचं तर भारीच कौतुक. केंद्राच्या श्रमशक्ती पाहणीत १५ वर्षांवरच्या बायकांचा सहभाग २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होता, २०२३-२४ मध्ये ४१.७ झाला. त्याच काळात काम करणाऱ्या बायकांत नियमित पगारदारांचा वाटा २१ टक्क्यांवरून १६ च्या आसपास उतरला. आणि दर तिघींत एकीहून जास्त जणी घरच्याच धंद्यात बिनपगारी मदतनीस!

ही मदतनीस कोण? आपणच, बायांनो. सकाळी दुकान उघडायचं, बिलं करायची, जीएसटीचे कागद लावायचे, चार वाजता मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरायचं. सूर्यास्ताच्या आत पानं वाढली पाहिजेत ना. जेवणं उरकली की पुन्हा गल्ल्यावर. सरकार तिला रोजगारात धरतं. समाजाच्या परिचय पुस्तिकेत तीच ‘गृहिणी’ असते. दोन्हीकडे तिच्या नावापुढं रुपया नाही.

गमावलेल्या नोकरीचंही तसंच. लग्न ठरलं, सासरच्यांनी खाजगी शाळेतली नोकरी सोडायला लावली. आता ती काम शोधत नाही, म्हणून पाहणीच्या हिशोबात बेकारही नाही. ‘घरकाम करणारी’ म्हणून श्रमशक्तीच्या बाहेर. तिची नोकरी गेली, पण बेकारीत ती दिसणार नाही. उलट ‘पोरीनं घर सांभाळलं’ म्हणून बस्तीत कौतुक होतं, आणि ते करण्यात आपण बायकाच पुढं असतो, हेही सांगायला हवं.

दशलक्षण पर्वात अचौर्यावर प्रवचन होतं. न दिलेलं घेणं ती चोरी. शेजाऱ्याच्या झाडाचं फूल विचारल्याशिवाय तोडू नये, इथवर आमची समज पोचली आहे. सुनेचे रोजचे आठ तास कुणाला विचारून घेतले, हे मी कुठल्या प्रवचनात अजून ऐकलेलं नाही.

दिवाळीला वहीपूजन होतं, नव्या वहीत दिवाणजीचा, हमालाचा पगार लिहिला जातो. तिथंच बायकोचा, सुनेचाही लिहा, आणि बँकेत तिच्या एकटीच्या खात्यात भरा. हे बोललं की मालकांना लगेच सीए आठवतो. म्हणे बायकोकडं धंद्याला लागणारं तांत्रिक वा व्यावसायिक शिक्षण नसेल, तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरतात, कर काही वाचत नाही. बरोबर आहे, नाही वाचणार. कर तुम्ही भरा की. पैसा तिच्या खात्यात येऊ दे.