सोडला म्हणजे वाचला?

हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात ट्रेकला गेलात की ट्राउटसाठी गळ टाकायचा मोह होतोच. टाका की! पण आधी लायसन्स काढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र बंदी असते. ट्राउट तेव्हा अंडी घालतो.

‘आम्ही मासा सोडून देतो’ म्हणता ना? मग गळाचं उलटं टोक पक्कडीने आधीच दाबून टाका. हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, आणि तेच त्याचं चिलखत. रील काढताना स्वतःचा श्वास रोखून बघा. तुम्ही गुदमरायच्या आत तो पाण्यात हवा.

वाटेत चकोर दिसला तर कॅमेराच काढा. शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे. माशाला तेवढं संरक्षण नाही, म्हणून जबाबदारी आपली!