कादंबरीची आरती पुरे, आता थोडं भांडा

आज जरा कडू बोलणार आहे, आणि लांबही आहे. सकाळचे पोहे आटोपले असतील तर निवांत वाचा.

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत पुस्तकांवर बोलणं संपलं, असं कोणी म्हटलं तर मी मानणार नाही. भिशीत, हळदीकुंकवाला, गणपतीच्या दहा दिवसांत, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा कोणी तरी विचारतंच, "सध्या काय वाचून राहिल्या?" उत्तरही येतं. मृत्युंजय, स्वामी, ययाती, पानिपत. २०२५ साली सिनेमा आल्यापासून छावा. माझी तक्रार वाचण्याबद्दल नाहीच. वाचून झाल्यावर जे बोललं जातं त्याबद्दल आहे. "अप्रतिम!" "अंगावर काटा आला हो." "प्रत्येक मराठी माणसाने वाचलीच पाहिजे." झालं. समोरची मान डोलावते आणि चकलीच्या ताटलीकडे वळते.

याला मत म्हणत नाहीत. ही आरती झाली. टाळ्या वाजवायच्या, प्रसाद घ्यायचा, घरी जायचं. देवापुढे ते शोभतं. कादंबरीपुढे नाही.

मृत्युंजयचंच घ्या. १९६७ सालची कादंबरी. शिवाजी सावंतांनी ती एकट्या कर्णाच्या तोंडून सांगितलेली नाही. कुंती बोलते, वृषाली बोलते, दुर्योधन, शोण, कृष्ण, सगळे आपापली बाजू मांडतात. म्हणजे निरनिराळ्या बाजूंनी पाहायची सोय लेखकानेच करून ठेवली आहे. आणि त्याच १९६७ साली इरावती कर्वे यांचं युगान्त आलं. ती कादंबरी नव्हे, महाभारतातल्या माणसांवरचे लेख आहेत. त्यातला कर्ण सावंतांच्या कर्णाहून फार वेगळा. इरावतीबाई त्याच्यासाठी डोळे पुसत नाहीत, त्याचं कुठे चुकलं ते दाखवतात. एकाच वर्षी, एकाच भाषेत, एकाच माणसाची दोन रूपं! ही दोन्ही पुस्तकं ज्या घरात आहेत तिथे जेवणाच्या टेबलावर कडाक्याचं भांडण व्हायला हवं. भर सभेत द्रौपदीला नाही नाही ते बोलणारा कर्ण आणि आपला लाडका दानशूर कर्ण, यांची मोट कशी बांधायची? आमच्या ओळखीत दोन्ही पुस्तकं बाळगणारी पुष्कळ घरं आहेत. भांडण झालेलं एकही माहीत नाही.

आता म्हणाल, कर्णाचं आणि आपलं काय देणंघेणं? ठीक आहे. मग आपल्या घरातलंच बोलू.

आमचं घराणं होळकरांच्या चाकरीत माळव्यात आलं. तुमच्यापैकी अनेकांचं असंच असेल. ते इथे आले नसते तर आपणही इथे नसतो. आणि याच रामबागेत, लोकमान्य नगरात मी भल्या भल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय, "मल्हाररावांनी दगा दिला हो, नाहीतर पानिपत जिंकलोच होतो. कादंबरीत वाचलं ना मी!"

विश्वास पाटलांवर माझा काडीचाही राग नाही. १९८८ साली आलेलं पानिपत मी दोनदा वाचलंय, आणि दुसऱ्यांदाही रात्रीचे दोन वाजले होते. पण त्या कादंबरीच्या केंद्रस्थानी भाऊसाहेब आहेत. कादंबरी आपल्या नायकाच्या खांद्यावरून जग पाहते, तो तिचा धर्मच आहे. तिच्या पलीकडे काय होतं ते पाहायचं काम वाचणाऱ्याचं. १४ जानेवारी १७६१ ला मल्हारराव रणातून बाहेर पडले, हे खरं. पण गारद्यांच्या तोफांवर भिस्त ठेवून समोरासमोर लढायचं की गनिमी काव्याने, यावर त्यांचं आणि भाऊंचं आधीपासून पटत नव्हतं, हेही खरं. लढाई फिरली तर बायकांना सुखरूप बाहेर काढा, असं भाऊंनीच त्यांना सांगून ठेवलं होतं, असं मानणारेही आहेत. यातलं काय पटतं ते ज्याने त्याने ठरवावं. पण ठरवावं तरी! इंदुरातला माणूस राजवाड्यासमोर उभा राहून, तो वाडा ज्यांचा त्यांनाच दगाबाज म्हणतो, आणि आधार म्हणून कादंबरी पुढे करतो, तेव्हा त्याने मत मांडलेलं नसतं. दुसऱ्याचं मत उचललेलं असतं.

यशवंतराव होळकरांचं तेच. २५ ऑक्टोबर १८०२ ला, दिवाळीच्या दिवशी, त्यांनी हडपसरजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांना हरवलं. दुसरा बाजीराव पळाला आणि डिसेंबरअखेर वसईला इंग्रजांशी तह करून बसला. पुण्याच्या खिडकीतून पाहिलं तर यशवंतराव म्हणजे शहरावर आलेलं संकट. माळव्याच्या खिडकीतून पाहिलं तर १८०४ मध्ये कर्नल मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवणारा, बाकीचे इंग्रजांपुढे नमल्यावरही लढत राहिलेला माणूस. ना. सं. इनामदारांनी त्यांच्यावर झुंज नावाची कादंबरी लिहिली. इनामदारांची राऊ आपल्याला माहीत आहे, कारण तिच्यावरून २०१५ मध्ये बाजीराव मस्तानी आला. झुंज आपल्यापैकी किती जणांनी वाचली? ती होळकरांवर आहे आणि आपण होळकरांच्या गावात राहतो, तरीही! ज्या कादंबरीवर सिनेमा येतो तीच आपल्याला आठवते.

आता तुम्ही काय म्हणाल तेही ठाऊक आहे.

पहिलं म्हणणं, "आजकाल मराठी कोण वाचतंय? वाचतात तेच पुष्कळ, त्यात वाद कशाला?" मला वाटतं नेमकं उलट आहे. वाद नाही म्हणूनच मुलं वाचत नाहीत. माझ्या नात्यातल्या एका मुलाने मृत्युंजय हिंदीतून वाचली. मोठ्या उत्साहाने आजीला विचारलं, "आजी, पांडव आपले भाऊ आहेत हे कळल्यावरही कर्ण दुर्योधनाला का धरून बसतो? मला नाही पटलं." उत्तर मिळालं, "मोठ्या पुस्तकांबद्दल असं बोलू नये रे." संपलं. त्यानंतर त्याने घरी पुस्तकाचा विषय काढल्याचं मी ऐकलं नाही. मंडळी, तो प्रश्न लाखमोलाचा होता. वडोदऱ्याच्या मुलांना शाळेत गुजराती लिपी, हैदराबादेत तेलुगू. आपल्या मुलांना हिंदीमुळे देवनागरी आयती येते. लिपीची सबब आपल्याला नाही. मुलाला अक्षरं वाचता येत होती, प्रश्नही पडला होता. दार लावलं ते आपण.

दुसरं म्हणणं विद्वानांचं. "ह्या लोकप्रिय कादंबऱ्या म्हणजे भावुक माल, त्यांच्यावर काय चर्चा करायची?" वा! स्वामीला १९६४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि ती घराघरांतही पोचली. मुंबई-पुण्यापासून शेकडो मैलांवर असलेल्या आपल्या घरांत चांगलं मराठी वाक्य कानावर पडलं ते बरंचसं याच पुस्तकांमुळे. त्यांना नाक मुरडणारा आणि त्यांची आरती करणारा, दोघेही एकच गोष्ट टाळतात. पुस्तकाशी दोन हात करणं.

म्हणून माझा साधा आग्रह आहे. पुढच्या वेळी कोणी "अप्रतिम" म्हटलं की विचारा, "कुठलं पान?" आणि लगेच, "काय पटलं नाही?" ज्याला न पटलेलं काहीच सांगता येत नाही, त्याने पुस्तक परत उघडावं. घरात ऐतिहासिक कादंबरी आली तर तिच्याशेजारी इतिहासाचं एक तरी पुस्तक ठेवा, आणि कादंबरीकाराने कल्पनेने काय भरलं ते मुलांना शोधायला सांगा. त्यात कादंबरीचा अपमान नाही, उलट तिची ताकद तिथेच कळते. गणपतीत पुस्तकांचा कार्यक्रम ठेवाल तर पहिलं बोलू द्या घरातल्या सगळ्यात लहान वाचणाऱ्याला. हिंदी मिसळून बोलेल, "भिया, बोअर झाली" म्हणेल. म्हणू दे. कुठे बोअर झाली ते विचारा. आणि इंदूरकरांनी यंदा झुंज आणि पानिपत पाठोपाठ वाचून एकदा समोरासमोर बसावं. मल्हाररावांच्या बाजूने कोण, भाऊंच्या बाजूने कोण, होऊन जाऊ दे.

माझं पटलं नसेल तर खाली सविस्तर लिहा, मी उत्तर देईन. नुसतं "सुंदर लेख ताई" लिहिणार असाल, तर मात्र कृपा करून लिहूच नका.