कोंबडीवर सुरी उगारण्यापूर्वी

मार्गशीर्ष लागला की आमच्या बेळगाव-खानापूरकडील घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते : कोंबडीने अंडी देणे थांबविले. तक्रारीमागोमाग निकालही लागतो. महिनाभर गुरुवारांचे पावित्र्य तिला वाचविते, आणि पौष उजाडताच तिचा रस्सा होतो. हा निकाल घाईचा, आणि पुष्कळदा अन्यायाचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परसातील पाच-सहा कोंबड्यांची अंडी म्हणजे गृहिणीचा हक्काचा पैसा. कित्येक घरी मुलांच्या वह्या-पेन्सिली त्यातूनच येतात. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा अंड्यावर येणारी कोंबडी आज कापणे म्हणजे तो पैसा आपल्याच हातांनी बुडविणे होय.

कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटावयाचे राहत नाही, हे खरे. परंतु तांबडे उशिरा फुटले तर अंडे मात्र राहते! कोंबडीच्या शरीरात अंडी तयार होण्याचे काम दिवसाच्या लांबीवर चालते. प्रकाश तिच्या डोळ्यांतूनच नव्हे, तर कवटीच्या पातळ हाडातूनही मेंदूपर्यंत पोहोचतो, आणि तेथून अंडाशयाला इशारा जातो. चौदा तासांच्या आसपास प्रकाश असला की हे काम जोमाने चालते. बेळगावास जूनमध्ये दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरच्या अखेरीस तो ११ तास १० मिनिटांवर येतो. आमच्या ग्वाल्हेरच्या बांधवांकडे तर तो जेमतेम साडेदहा तासांचा उरतो. दिवस आखडू लागले की पुष्कळ कोंबड्यांची जुनी पिसे झडून नवी येतात. पीस हे जवळजवळ सर्वस्वी प्रथिनांचे बनलेले असते. अंड्यालाही प्रथिनेच लागतात. दोन्ही खर्च एकाच वेळी झेपत नाहीत, म्हणून कोंबडी आधी अंगावरचे वस्त्र विणते.

खुडूक कोंबडीची गोष्ट निराळी. आपल्या गावठी कोंबडीत मातृत्वाची ओढ प्रबळ आहे. दहा-पंधरा अंडी झाली की ती ठाण मांडून बसते, अंगावर फुगते, हात पुढे केला तर टोचते. रवणीला बसविल्यास २१ दिवसांनी पिल्ले निघतात, आणि त्यांना सांभाळण्यात आणखी कित्येक आठवडे जातात. या काळात ती अंडी देत नाही. पण तिला रिकामटेकडी कोण म्हणेल? रवण नको असल्यास खाली हवा खेळेल अशा जाळीच्या खुराड्यात, अंथरुणाशिवाय, दाणापाणी देऊन तिला तीन-चार दिवस उजेडात ठेवावे. खुडूकपणा मोडण्यासाठी तिच्या नाकपुडीतून पीस ओवण्याची रीत काही खेड्यांत आहे. ती आम्हांस निव्वळ क्रूर वाटते.

खाद्याकडे मात्र आपण फारच कानाडोळा करतो. अंड्याचे कवच म्हणजे बहुतांशी चुनखडीच. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. नुसता कोंडा आणि शिळा भात खाऊन कोंबडीने ते कोठून आणावे? शिंपल्यांचा चुरा, किंवा वाळवून बारीक कुटलेली अंड्यांची टरफले तिच्यापुढे ठेवण्यास कितीसा खर्च येतो? अंड्याच्या गराचा तीन चतुर्थांश भाग पाणी असते, आणि उन्हाळ्यात घरोघरची कोंबड्यांची थाळी दुपारी कोरडी! अंगावरील उवा आणि पोटातील जंत हेही अंडी थांबवितात. आणि कधी कधी अंडी थांबलेलीच नसतात. ती गवताच्या गंजीमागे सुखरूप साठत असतात, अथवा मुंगसाच्या पोटात गेलेली असतात.

कोणी म्हणतील, पहाटे खुराड्यात दिवा लावावा. मोठ्या धंद्यात हे सर्रास चालते आणि त्याने अंडी मिळतात, हे आम्ही नाकारीत नाही. परसातील चार कोंबड्यांना मात्र वर्षातून थोडी विश्रांती लाभू द्यावी, असे आम्हांस वाटते. म्हातारी कोंबडी कायम पोसावी, असा आमचा हट्ट नाही. पहिल्या वर्षानंतर अंडी कमी होत जातात, हे उघड आहे. परंतु म्हातारी कोणती आणि विसावलेली कोणती, हे आधी पाहावे. विसाव्यात असलेल्या कोंबडीचा तुरा फिकट व आखडलेला असतो. नवी पिसे भरली आणि तुरा लाल होऊ लागला, की खुराड्याच्या कोपऱ्यात मूठभर पेंढा टाकून ठेवावा. लवकरच त्याची गरज पडेल.