वटवाघूळ म्हणजे सुख? ते कसं काय बुवा?

चिनी पतंगांवरचा कुठलाही माहितीपर लेख उघडा, एक तक्ता हमखास सापडतो. वटवाघूळ म्हणजे सुख, मासा म्हणजे समृद्धी, पीच म्हणजे दीर्घायुष्य. झाली संस्कृती शिकवून! मला या तक्त्यांचा मनापासून राग येतो. आम्ही प्रोग्रामर लोक याला लुकअप टेबल म्हणतो. डावीकडचं शोधा, उजवीकडचं उचला, 'का' विचारू नका.

अहो, पण वटवाघळात सुखाचं आहे काय? काहीच नाही! चिनी भाषेत वटवाघूळ म्हणजे 'ब्येन-फू', आणि त्यातल्या 'फू'चा उच्चार सुख-सौभाग्याच्या 'फू'सारखाच. मासा 'यू' आणि शिल्लक उरणं तेही 'यू'. म्हणजे हा चक्क श्लेष आहे. पाच वटवाघळं काढली की पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शेवटी सुखाचं मरण. पीचचं मात्र वेगळं, त्यामागे अमरत्व देणाऱ्या फळाची कथा आहे. तक्त्यात श्लेष आणि कथा दोन्ही एकाच मापाने मोजले जातात.

बीजिंगचा पाकोळीच्या आकाराचा 'शायान' पतंग घ्या. लठ्ठ पाकोळी पुरुष, सडपातळ ती स्त्री, पिल्लू म्हणजे मूल, आणि जोडपाकोळी म्हणजे नवरा-बायको. अख्खं कुटुंब बांबूच्या कामट्यांवर! 'पाकोळी म्हणजे अमुक' असं एका ओळीत कसं लिहिणार?

आणि उडवण्याचं काय? 'ड्रीम ऑफ द रेड चेंबर' या १८व्या शतकातल्या कादंबरीत दोरा मुद्दाम कापून पतंग सोडून देतात, सोबत पीडाही जावी म्हणून. आपल्याकडे पतंग कटला की हार, तिथे सुटका. हे चित्र बघून कळत नाही.

कुणी म्हणेल, सुरुवात म्हणून तक्ता काय वाईट? वाईटच. तो वाचून एवढंच कळतं, की चिनी लोकांना वटवाघूळ शुभ वाटतं. मग आपण 'काय विचित्र लोक आहेत' म्हणून पान उलटतो. श्लेष सांगितला असता, तर कीर्तनात नि तमाशात शब्दांच्या कोट्यांवर हसत आलेला मराठी माणूस तिथल्या तिथे दाद देऊन गेला असता. ओळख व्हायची, ती परकेपणात संपली.

असो. शाळेच्या प्रकल्पासाठी तुमच्या घरात असा तक्ता बनत असेल, तर एवढंच करा. त्यात तिसरा रकाना आखा आणि वर लिहा: 'का?'