दाराबाहेरची माता

अपुऱ्या दिवसांचे मूल अतिदक्षता कक्षात आणि माता दाराबाहेरच्या बाकावर, हे दृश्य आपल्या अंगवळणी पडले आहे. संसर्गाचे भय हे त्याचे समर्थन. परंतु भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने ते फोल ठरविले. जन्मल्यापासूनच मातेच्या उराशी ठेवलेल्या, १ ते १.८ किलो वजनाच्या अर्भकांतील मृत्यू सुमारे चतुर्थांशाने घटले. संसर्गाची लक्षणेही कमीच आढळली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने हीच शिफारस केली. दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयाने मातेची खाट कक्षातच मांडली आहे. मग इतरत्र अडचण कशाची? यंत्रांसाठी पैसा निघतो, तो खाटेसाठीही निघाला पाहिजे. माता ही भेटीस आलेली पाहुणी नव्हे. ती उपचाराचाच भाग आहे. सरकारने तिला आत घ्यावे!