नवख्या विमानवाहूला शिकू द्या : वाशीम जिल्ह्यातील नौदल-खेळाडूंचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, वाशीम
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी, वाशीम
मा. आयुक्त, क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि ‘वर्ल्ड ऑफ वॉरशिप्स’ या खेळाचे निर्माते

विषय : सुरुवातीच्या पातळीवर विमानवाहू जहाज खेळणाऱ्या ग्रामीण खेळाडूंच्या अडचणी व मागण्या

महोदय/महोदया,

आम्ही वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतले खेळाडू आहोत. संगणकावर समुद्री लढायांचा खेळ खेळतो. आमच्या जिल्ह्याला समुद्र नाही. पैनगंगा आणि अडाण या आमच्या नद्या, एकबुर्जी हे वाशीम शहराला पाणी पाजणारे धरण. मुंबईचा किनारा इथून रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या वर लांब आहे. समुद्र कधीही न पाहिलेली मुले आमच्यात आहेत, आणि त्यांना होशो, लँगली, हर्मिस ही विमानवाहू जहाजे लांबून आकारावरून ओळखता येतात. त्यांच्या शिकण्याच्या वाटेत जे अडते ते आम्ही इथे मांडत आहोत.

आधी खेळाविषयी, कारण ज्यांच्याकडे हे पत्र जाणार आहे त्यांतल्या अनेकांनी तो पाहिलेला नसेल. २०१५ साली आलेल्या या खेळात साधारणपणे दोन्ही बाजूंना बारा-बारा जहाजे असतात आणि लढाई जास्तीत जास्त वीस मिनिटे चालते. समोर शत्रू म्हणून आणि शेजारी साथीदार म्हणून असतात ती बहुतेक वेळा खरी माणसे. पहिल्या तीन पातळ्यांवर खेळाडू तोफा चालवायला शिकतो. गोळा पडेपर्यंत शत्रूचे जहाज किती पुढे सरकेल याचा अंदाज घेणे, आपली कूस शत्रूला न दाखवणे, बेटाच्या आडोशाला थांबणे, हे हळूहळू हाताला बसते. चौथ्या पातळीला विमानवाहू जहाज मिळते आणि हा सगळा सराव एका झटक्यात बाजूला पडतो. आता तोफा तुमच्या हातात नाहीत. तुम्ही विमानांची तुकडी उडवता, आणि मागे राहिलेले जहाज नकाशावर आखून दिलेल्या वाटेने आपोआप चालत राहते.

होशोच्या टॉर्पेडो विमानांचा एकच हल्ला घ्या. तुकडी शत्रूच्या जहाजाकडे निघाली की काही विमाने खाली उतरून हल्ल्याला लागतात. पडद्यावर नेमाचा पट्टा दिसतो. सरळ उडत राहिले तर तो अरुंद होतो, वळले की पुन्हा पसरतो. टॉर्पेडो पाण्यात पडल्यावर काही अंतर कापल्याशिवाय फुटण्याजोगा होत नाही. म्हणून फार जवळून सोडला तर तो जहाजाला लागूनही वाया जातो, आणि फार लांबून सोडला तर जहाज वळून निसटते. या सगळ्यात समोरून विमानविरोधी गोळ्यांचे काळे फुगे फुटत असतात. त्यांच्या बाजूने तुकडी काढायची असते. नेम अरुंद करायचा तर सरळ उडावे लागते, विमाने वाचवायची तर वळावे लागते. हा पेच सोडवणे म्हणजेच विमानवाहू खेळणे. तो पेच सेकंदाच्या अंशात सुटतो किंवा फसतो. पिंग वाढलेल्या, म्हणजे प्रतिसाद उशिरा देणाऱ्या मोबाईल हॉटस्पॉटवर खेळणाऱ्या आमच्या मुलाला काळा फुगा दिसतो तेव्हा त्याची विमाने त्यात शिरलेली असतात.

मग चॅटवर सुरुवात होते. विमानवाहूच्या खेळाडूवर साऱ्या संघाची नजर असते, कारण शत्रू कुठे दडला आहे हे विमानांनी दाखवावे अशी इतरांची अपेक्षा असते. तोफेच्या जहाजावरचा नवखा चुकला तर बारा जणांत खपून जातो. विमानवाहूवरचा नवखा चुकला की ते सगळ्यांना दिसते. शिव्या इंग्रजीत येतात, हिंदीत येतात, आणि आपलीच माणसे समोर असली की मराठीतही येतात. मंगरुळपीरच्या एका मुलीने पहिल्याच आठवड्यात विमानवाहू सोडून दिली ती यामुळे. तिचा नेम आमच्यातल्या जुन्या खेळाडूंपेक्षा चांगला होता.

दुसरी बाजूही आम्ही मांडतो, कारण तिच्याविना मागणी अर्धवट राहील. सुरुवातीच्या पातळीवरच्या जहाजांवर विमानविरोधी तोफा फार थोड्या असतात. मुरलेला खेळाडू होशो घेऊन तिथे उतरला तर समोरच्या नवख्यांची धूळधाण करतो. म्हणजे एकाच लढाईत विमान चालवायला शिकणारे मूल आणि विमानांपासून वाचायला शिकणारे मूल, दोघेही मुरलेल्यांच्या पायाखाली येतात. आमचा राग विमानवाहूवर नाही आणि तिच्या विरोधकांवरही नाही. दोघांनाही शिकायला जागा हवी, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खऱ्या नौदलांनी अशी जागा दिली होती. लँगली मुळात कोळसा वाहणारे ज्युपिटर नावाचे जहाज. त्यावर सपाट डेक चढवून १९२२ साली ते अमेरिकेचे पहिले विमानवाहू झाले, आणि पुढची कित्येक वर्षे वैमानिक त्याच्यावर उतरायला शिकले. जपानची होशो त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दाखल झाली, आणि युद्धाच्या उत्तरार्धात तिचे मुख्य काम नव्या वैमानिकांना शिकवण्याचेच राहिले. ब्रिटनची हर्मिस ९ एप्रिल १९४२ रोजी श्रीलंकेच्या बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी बुडवली तेव्हा तिच्यावर एकही विमान नव्हते. त्याच आठवड्यात विशाखापट्टणम आणि काकिनाड्यावर जपानी बॉम्ब पडले होते, इतके हे युद्ध आपल्या दारापाशी आले होते. हर्मिसची ही हकिगत आम्ही प्रत्येक नव्या खेळाडूला सांगतो. पहिल्या पाच मिनिटांत सगळी विमाने गमावणाऱ्याला ती लगेच कळते. नवी विमाने तयार व्हायला वेळ लागतो, तोवर डेक रिकामा आणि जहाज निराधार. हल्ला फसतो आहे असे दिसले की उरलेली विमाने परत बोलवावीत, हे आमची मुले हर्मिसवरून शिकली.

म्हणून खेळाच्या निर्मात्यांकडे आमची पहिली आणि सर्वांत आग्रहाची मागणी अशी : जो खेळाडू आयुष्यात पहिल्यांदा विमानवाहू घेतो, त्याच्या सुरुवातीच्या काही लढाया संगणकाने चालवलेल्या जहाजांविरुद्ध व्हाव्यात. अशा लढायांची सोय खेळात आहेच. ती विमानवाहूच्या शाळेसारखी वापरावी आणि त्या लढायांचे बक्षीस इतके ठेवावे की मुलाला तिथे थांबावेसे वाटेल. मुरलेल्या विमानवाहू खेळाडूंनी चौथ्या पातळीवर नवख्यांमध्ये किती उतरावे यालाही मर्यादा असावी. २०१९ च्या जानेवारीत या खेळाने विमानवाहूची सगळी पद्धत बदलली. त्याआधी वरून नकाशा बघून एकाच वेळी अनेक तुकड्या हाकाव्या लागत, आता एका वेळी एकच तुकडी खेळाडूच्या हाती येते. एवढा मोठा बदल ज्यांनी पार पाडला त्यांना ही मागणी अवघड नाही.

त्याला जोडून एक लहान पण आमच्यासाठी जिव्हाळ्याची गोष्ट. खेळाची फाइल अनेक गिगाबाइटची आहे आणि अद्ययावत भाग वारंवार येतात. आमच्याकडे बहुतेकांच्या रिचार्जमध्ये दिवसाला दीड-दोन जीबी डेटा मिळतो. त्यात घरच्यांचे यूट्यूब, बाजारभाव, धाकट्याचा अभ्यास. नुसता खेळ उतरवून घ्यायला आठवडे जातात. एकाने उतरवलेला खेळ पेनड्राइव्हवरून दुसऱ्याच्या संगणकावर नेण्याची अधिकृत, सोपी पद्धत द्यावी आणि तिची माहिती मराठीत असावी. विमानवाहूचा सुरुवातीचा धडा तरी मराठीत यावा. वाचण्यापुरते इंग्रजी आमच्या मुलांना येते, पण उडत्या विमानाच्या घाईत सूचना मातृभाषेत पटकन डोक्यात शिरते.

आता वीज जाण्याबद्दल. मधेच लढाई सोडणाऱ्याला अशा खेळांत शिक्षा होते आणि ती योग्यच आहे, कारण अकरा साथीदारांना वाऱ्यावर सोडणे वाईट. पण लाईन गेली म्हणून बाहेर फेकला गेलेला आणि हरतोय म्हणून पळालेला, हे दोघे एक नव्हेत. लाईन आल्यावर परत येणाऱ्याला सूट मिळावी. आणि इथे आम्ही जिल्हा प्रशासनाकडेही वळतो : संध्याकाळच्या भारनियमनाचे वेळापत्रक गावनिहाय आधी जाहीर व्हावे. हे आम्ही खेळासाठी मागतो आहोत, पण मागणी अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाची आहे.

प्रशासनाकडेच पुढची मागणी इंटरनेटची आणि जागेची. वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. ज्या गावांत भारतनेटची इंटरनेट केबल पोहोचली आहे तिथे ग्रामपंचायतीतली जोडणी चालू आहे का, याची तपासणी व्हावी आणि त्या जोडणीवर संध्याकाळी गावातल्या मुलांना बसता यावे. तालुक्याच्या गावी अभ्यासिका आहेत, स्पर्धा परीक्षेची मुले तिथे रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यातल्या एखाद्या खोलीत चार-पाच चांगले संगणक ठेवले तर आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव होऊ शकतो. वेळेचे बंधन, अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची लेखी संमती, दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यांत सराव बंद, या अटी आम्ही स्वतःहून घालून घेतो.

कायद्याविषयी आम्हाला स्पष्टता हवी. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा मंजूर केला. त्यात पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे, आणि ई-स्पोर्ट्स व पैज नसलेल्या खेळांना प्रोत्साहन आहे. त्या बंदीचे आम्ही मनापासून स्वागत करतो. रमीच्या आणि सट्ट्याच्या ॲपांनी आमच्या गावांतली घरे पोखरली आहेत हे आम्ही जवळून पाहिले आहे. पण गावात या दोन गोष्टींतला फरक कुणी सांगत नाही. मोबाईल हातात दिसला की ‘पैसे लावतोय’ असा शिक्का बसतो, आणि मुलींच्या बाबतीत तर खेळ त्याच दिवशी बंद होतो. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय युवा व्यवहार व क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. हांगझोउच्या आशियाई स्पर्धेत २०२३ साली ई-स्पोर्ट्ससाठी पदके दिली गेली. तेव्हा जिल्हा क्रीडा कार्यालयाने शाळांना आणि ग्रामपंचायतींना एक साधे मराठी पत्रक पाठवावे : कायद्याने काय बंद आहे, काय चालते, आणि मुलाने पैसे गमावायला सुरुवात केली तर कुणाकडे जायचे.

याच संदर्भात निर्मात्यांना आम्ही स्पष्टच सांगतो. होशो, लँगली, हर्मिस ही जहाजे पैसे न देता, खेळून मिळतात, आणि हीच या खेळाची आमच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू. पण आत काय निघेल ते न कळणारी पेटी पैशाने विकणे, हे मुलांच्या बाबतीत आम्हाला मान्य नाही. अल्पवयीन खात्यांना अशा पेट्या विकत घेता येऊ नयेत. आमचे सदस्य त्या घेत नाहीत आणि नव्यांना घेऊ देत नाहीत.

आणखी एक मागणी, जी काहींना किरकोळ वाटेल. १९७१ च्या युद्धात कॉक्स बाजार आणि चितगावावर आपल्या नौदलाच्या ज्या विमानवाहू विक्रांतच्या सी हॉक विमानांनी हल्ले केले, ती विक्रांत १९९७ ला निवृत्त झाली, मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून उभी होती, २०१२ ला ते बंद झाले आणि २०१४ मध्ये तिचे तुकडे करायला सुरुवात झाली. तिचे पोलाद २०१६ साली बजाजच्या व्ही मोटारसायकलीत आले. विमानवाहू विराटही २०२० मध्ये अलंगला भंगारात गेली. नवी विक्रांत २ सप्टेंबर २०२२ पासून सेवेत आहे, तिथे कुणालाही सहज जाता येत नाही. म्हणजे वाशीमच्या मुलाने विमानवाहूचा डेक पाहायचा म्हटले तर आज त्याला पडद्याखेरीज जागा नाही. जिल्हा ग्रंथालयात नौदलाच्या इतिहासाची मराठी पुस्तके आणि नकाशे एका कपाटात एकत्र ठेवावेत. नौदलाच्या अग्निवीर भरतीची माहिती त्याच कपाटाशेजारी लावावी. आमच्यातली काही मुले त्या भरतीची तयारी करत आहेत.

शेवटची मागणी : जिल्हास्तरीय ई-स्पोर्ट्स स्पर्धा घ्यावी, तिच्यात नवख्यांचा वेगळा गट असावा आणि त्यात चौथ्या पातळीच्या पुढची जहाजे नसावीत. पंच आम्ही देऊ, नियम मराठीत आम्ही लिहून देऊ, संगणक जुळवायलाही येऊ. सोयाबीनची काढणी उरकल्यावर आणि परीक्षा लागण्याआधीचा काळ यासाठी सोयीचा आहे.

या मागण्यांवर चर्चेसाठी आम्हाला जिल्हा क्रीडा कार्यालयात वेळ द्यावा आणि प्रत्येक मागणीवर होय की नाही, तसेच नाही असल्यास का, हे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.

आपले,
वाशीम जिल्ह्यातील नौदल-खेळाडू