छातीतल्या रेघा आणि कायद्याचे कुलूप

सोनोग्राफी म्हटले की आपल्याला गर्भ आठवतो, फुफ्फुस नाही. फुफ्फुसात हवा, आणि हवेतून या ध्वनिलहरी पुढे सरकत नाहीत. म्हणून हा अवयव या यंत्राच्या कामाचा नाही, असेच वर्षानुवर्षे मानले गेले. फ्रान्सच्या डॉ. डॅनियल लिश्टेनस्टाइन यांनी तो समज मोडला. निरोगी फुफ्फुसात पडद्यावर आडव्या रेघा दिसतात. विषाणूमुळे सूज येऊन फुफ्फुस ओलावले की उभ्या पांढऱ्या रेघा उतरतात. २०२० च्या करोनात इटलीतील डॉक्टरांनी त्या खाटेपाशीच पाहिल्या. किरणोत्सर्ग नाही, रुग्णाला सीटी स्कॅनपर्यंत ढकलत नेणे नाही. विषाणू कोणता, हे मात्र त्या सांगत नाहीत. थकलेल्या हृदयामुळेही त्या उमटतात.

मग हे यंत्र खेडोपाडी का जाऊ नये? गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राने. मुलींच्या जिवासाठी तो हवाच, त्यात सूट नको. पण २०१२ च्या नियमांनी, फिरते वैद्यकीय पथक वगळता, उचलून नेता येणारे यंत्रही नोंदणीच्या जागेतच बांधले.

आमच्या बँकेत तिजोरीला दोन किल्ल्या असत, म्हणून कुणाचे पैसे अडत नसत. छातीपुरतेच चालणारे, प्रत्येक तपासणीचे चित्र आपोआप जपणारे यंत्र नोंदणीसह देता येईल, असे मला वाटते. धाप लागलेल्या आजीला रात्रीच तालुक्याला हलवायचे की सकाळपर्यंत थांबायचे, हे गावातल्या डॉक्टरला आज बहुधा स्टेथोस्कोप आणि बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवरच ठरवावे लागते.